मोडलेल्या कानातलं रक्त

आपल्याला मुलगा होता हे दौलत मगदूमला कळलं, तेव्हा त्या मुलाला जाळून अकरा आठवडे झाले होते.

बातमी घेऊन मिरजेच्या डॉक्टर नीलोफर मुल्ला आल्या. तालमीतली सकाळची मेहनत संपली होती. पोरं-पोरी हौद्यातली तांबडी माती ओढून सारखी करत होती. बाई उंबऱ्याबाहेर चपला काढून उभ्या राहिल्या. दौलत त्यांना चांगला ओळखत होता. सत्तावीस वर्षांपूर्वी राज्याच्या गदेच्या कुस्तीत, समोरच्याचा हात लागायच्या आधीच, तो मातीत कोसळला होता. तेव्हा त्याला वाचवणारे डॉक्टर म्हणजे या बाईंचे वडील. त्यांच्यामागे दर वर्षाची तपासणी बाई करायच्या.

"वस्ताद, बसून बोलू."

"उभ्यानंच सांगा. काय वाढलंय माझं?"

"तुमचं काही नाही." त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. "हा रणजित. वय एकोणीस. सोलापूरकडच्या एका कुस्तीच्या फडात पट काढायला, समोरच्याचे पाय ओढायला वाकला आणि तसाच खाली गेला. शवविच्छेदनात काही सापडेना, म्हणून त्याची जनुकं वाचली. तुमच्या हृदयात आहे तोच दोष निघाला. त्याच जागेवरचा. आणि यंत्राने खाली आणखी एक ओळ छापली."

"काय?"

"जनक, दौलत सुबराव मगदूम."

दौलत हसला. "बाई, मी लग्न केलेलं न्हाई, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक हाय. आणि दुसरं काय मनात असंल तर..."

"माझ्या मनात काही नाही. म्हणून तर स्वतः आले."

त्याने फोटो हातात घेतला. रुंद कपाळ, मिटलेले ओठ. दौलतने सवयीने आधी कान पाहिले. पैलवानाचं वय कानावरून कळतं. त्या पोराचे दोन्ही कान अजून शाबूत होते.

मग बाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं.

माणसाच्या शरीरातली प्रत्येक पेशी एका कामाला बांधलेली असते. कातडीची पेशी कातडीच राहते, रक्ताची रक्तच. भाजलेली वीट पुन्हा चिखल होत नाही, तसं. शास्त्रज्ञांनी ही वीट पुन्हा चिखल करायची युक्ती शोधली. ठराविक द्रव्यं दिली की पेशी आपलं काम विसरते आणि गर्भाच्या पहिल्या दिवसांत असते तशी कोरी होते. त्या कोऱ्या पेशीतून मग हवं ते घडवता येतं. आधी नसा घडवल्या, हाडं घडवली. पुढे पुरुषाचं बीजही घडवता येऊ लागलं.

त्याआधी मूल न होणाऱ्या जोडप्याला बीज हवं असलं, तर कुणी तरी जिवंत माणूस स्वतःच्या पायांनी केंद्रात जायचा. त्याच्या तपासण्या व्हायच्या, नाव गुप्त राहायचं आणि जोडप्याला अमक्याचंच बीज द्या असं म्हणता येत नसे. युक्ती हाताला आल्यावर दात्याने यायची गरज उरली नाही. रक्ताचा एक जिवंत थेंब पुरे, आणि तो गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतो. आणि थेंब कुणाचाही मिळवता येतो.

"एका केंद्राने चोरून नामांकित माणसांच्या बीजाची वही तयार केली होती," बाई म्हणाल्या. "आता ते बंद आहे, मालक परदेशात आहेत. वही न्यायालयात आहे. तुमच्या आधीच्या पानावर एक गायक आहे, पुढच्या पानावर एक मोठे सरकारी साहेब. तुमच्या पानावर उंची आहे, दोन गदा आहेत, निर्व्यसनी आहे. खाली तुमच्या संमतीची सही आहे."

त्यांनी कागद पुढे केला. सही वळणदार होती, शाळामास्तरच्या हातची असावी तशी.

"तारीख काय म्हणती?"

बाईंनी वाचली.

"त्या साली मी अंगठा करत होतो," दौलत म्हणाला. "अक्षरं मी कोसळल्यावर शिकलो. तुमच्या वडलांच्या दवाखान्यात, खाटेवर पडून."

बाईंनी कागद घडी करून ठेवला. "त्या पानावर त्रेसष्ट मुलांची नोंद आहे, वस्ताद. तुमच्या जनुकांच्या जोडीतला एक धागा खराब आहे, एक चांगला. मुलाला दोन्हींतला एकच मिळतो. म्हणजे प्रत्येकाची अर्धी शक्यता."

"मग तपासा की त्यान्ला!"

"हा दोष साध्या तपासणीत दिसत नाही. हृदयाची भिंत जाड होत नाही, आलेखाची पट्टी सरळ येते. फक्त ठोक्याची वीज एक दिवस चुकते. हे थेंबपेटीतच, रक्ताच्या थेंबातून जनुकं वाचणाऱ्या यंत्रातच कळतं. आणि नावं उघडायला कायद्याची बंदी आहे. ती फक्त आई-बापांनी उघडायची. दुसऱ्या कुणी मुलाला सांगितलं तर गुन्हा, मुलाचं वय कितीही असो. मी न्यायालयामार्फत सगळ्यांना पत्रं पाठवली. नऊ जणांची उत्तरं आली. बाकीचे गप्प आहेत, नाहीतर पत्ता चुकलाय म्हणतात."

बाई गेल्या. दौलत हौद्याच्या काठावर बसून राहिला. चौतिसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं होतं. कौसल्या तिचं नाव. साखरपुड्याची साडीही घेऊन झाली होती. हा दोष पोरांत उतरतो असं कळल्यावर तो स्वतः तिच्या दारात गेला आणि म्हणाला, "माझं काळीज माझ्यासंगंच जळू दे. दुसऱ्या कुणाच्या छातीत नको." ती रडली, भांडली, पुढच्या वर्षी दुसरीकडे नांदायला गेली. दौलत मागे एकटा राहिला. केलं ते योग्य केलं, एवढ्या एका समाधानावर त्याने सत्तावीस वर्षं काढली होती.

*

शिवा गुरव गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. दौलतचा लहानपणापासूनचा सोबती. पैलवानाचा कान रगडून रगडून मोडतो, आत रक्त साठतं, टम्म फुगतो. ते वेळेवर काढलं नाही तर कानाचा दगड होतो. गेल्या पिढीत सगळी तालीम त्यासाठी शिवाकडे जायची. शिवा बारीक सुई घालायचा, रक्त ओढून घ्यायचा आणि कापसाची पट्टी बांधायचा. दौलतचे कान त्याने निदान चाळीस वेळा रिकामे केले असतील.

शिवा अंगणात उन्हाला बसला होता.

"ये दौल्या. लई दिसांनी."

"माझ्या कानातलं रक्त कुठं टाकायचास रं शिवा?"

शिवाने उत्तर द्यायच्या आधी घराकडे पाहिलं. सून आत होती.

"त्याचं आता काय?"

"कुठं टाकायचास?"

"टाकायचो न्हाई. शहरातनं एक माणूस यायचा, बर्फाचा डबा घिऊन. म्हणायचा, संशोधनाला पायजे. घाणच ती दौल्या! मोरीत वतायची ती त्याच्या डब्यात वतली. माझ्या पोराला त्यानं गाडीवर डायव्हर म्हणून लावून घेतलं. माझं काय चुकलं?"

"त्याचं बियाणं केलं त्यांनी. त्रेसष्ट पोरं हायत माझी."

 शिवाचा बोळका चेहरा हळूहळू उजळला.

"आयला दौल्या! बिनलग्नाचा त्रेसष्ट पोरांचा बाप! आणि मला दम द्यायला आलायस? अरं, पेढं वाट की गावाला! मी न्हाई तर तुझा वंश बुडला असता."

"तो बुडवायसाठीच मी कौसल्याला न्हाई म्हटलं, शिवा."

"आता हे मला कसं कळावं?" शिवा खरोखर दुखावला होता. "तू कवा बोललास? तुझ्या काळजात काय हाय ते तू कवा कुणाला सांगितलंस?"

ते खरं होतं. पैलवानाने दुखणं सांगायचं नाही, हे दौलतला त्याच्या वस्तादाने शिकवलं होतं. तो पोरांनाही तेच शिकवत आला होता.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मेहनतीला पोरी आल्या. हौद्यात सगळे अनवाणी. मुक्ता डुबल नेहमीसारखी सगळ्यांत पुढे. तिने माती कपाळाला लावली आणि पाय रोवला, आणि दौलतला ते दिसलं. सहा वर्षं ते रोज त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तिच्या डाव्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटं कातडीनं जुळलेली होती. दौलतची होती तशीच. त्याच्या आईची होती तशीच. तालमीतली पोरं थट्टा करायची, "मुक्ते, वस्तादांचा पाय चोरलास काय गं?" आणि दौलतही हसायचा.

तिचा बाप सागर डुबल तिला अकरा वर्षांची असताना घेऊन आला होता. त्याच्या गावाजवळ तीन तालमी असताना तीस किलोमीटरवरून. "तुमच्याच हाताखाली घाला वस्ताद, दुसऱ्या कुणाकडं न्हाई." दौलतला वाटलं होतं, आपल्या नावाला अजून किंमत आहे.

त्याच दिवशी तो सागरच्या गावी गेला. सागरचं दूध संकलन केंद्र होतं. टाकीला नळी लावून गाडी उभी होती.

"वस्ताद! आधी कळवायचं की. रेश्मा, चहा टाक गं!"

"चहा ऱ्हाऊ द्या सागरराव. तुम्हाला पत्र आलं असंल. न्यायालयाचं."

सागरचा चेहरा बंद झाला. गाडीवाल्याला तो म्हणाला, "जा, तू पुढच्या केंद्रावर जाऊन ये." गाडी गेल्यावर त्याने आवाज खाली आणला.

"पत्ता चुकला होता."

"पोरीचा पाय बघितलाय मी."

"मुक्ता माझी हाय."

"तुमचीच हाय. मी न्यायला न्हाई आलो. एक थेंब द्या फकस्त. कळू द्या हाय का न्हाई ते."

"थेंब?" सागर हसला, पण ते हसू लगेच मोडलं. "तुम्हाला थेंबपेटी ठाऊक हाय नव्हं? एकाच थेंबात दुखणं बी सांगती आणि नातं बी. घराण्यातली दुखणी शोधायसाठी सरकारनं तसंच केलंय. घराच्या पानावर सगळ्यांच्या नावाखाली रेघा येत्यात. आमच्या उपकेंद्रात पेटीवर कोण बसतंय? माझी भावजय. अठरा वर्षं झाली, ती मागं लागलीया, सगळ्या घराचं झालं, मुक्ताचंच ऱ्हायलंय. मी सांगितलं, नवस हाय. राज्याची गदा आणीपर्यंत पोरीचं रक्त काढायचं न्हाई. देवाचं नाव काढलं की ती गप्प बसती."

"भावकीला भिऊन पोरगी घालवणार?"

"भावकी गेली खड्ड्यात!" सागर ओरडला. मग पुन्हा हळू झाला. "तिच्या उशाशी तुमचा फोटो हाय, वस्ताद. गदा खांद्यावर घेतलेला. माझा न्हाई. मी तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या, तिच्या तापात रात्री जागवल्या. उद्या तिला कळलं, की बाप त्यो फोटोतला हाय, तर ती माझ्याकडं वळून तरी बघंल का?"

"मग माझ्याकडं आणलीस कशाला?"

सागर खाली बघत म्हणाला, "बियाणं तुमचं, तर मशागत बी तुमच्याच हातची व्हावी, असं वाटलं. गदा आली असती, तर माझी पोरगी म्हणून मिरवली असती. लई लोभ केला."

रेश्मा दारात चहा घेऊन उभी होती. कधीपासून ते कळलं नाही. ती पुढे आली नाही.

"अर्धी शक्यता म्हंजे किती वो, वस्ताद?"

"दोन पोरी असत्या, तर त्यातली एक."

"मला एकच हाय," रेश्मा म्हणाली.

"अर्धी म्हंजे नसायची बी अर्धीच की," सागर म्हणाला. "सहा वर्षं झाली कुस्ती खेळती. काय झालंय तिला?"

दौलतला कोसळला तो दिवस आठवला. त्याच्या आधी सव्वीस वर्षं त्यालाही काही झालं नव्हतं.

*

त्याने वस्तादाच्या हातात असतं तेवढं केलं. पुढच्या आठवड्यात जत्रा होती. पोरींच्या मानाच्या कुस्तीला तालमीकडून मुक्ताचं नाव गेलं होतं. दौलतने ते काढलं आणि राधा घोलपचं दिलं. कारण सांगितलं नाही. वस्तादाला कुणी कारण विचारत नाही.

त्याच दिवशी दुपारी रेश्मा एकटी तालमीत आली. देवळात जाऊन आल्यासारखी, डोक्यावर पदर. हौद्याच्या कडेला तिने नारळ ठेवला.

"मंगळवारी मुक्ताला अठरा पुरी होत्यात," एवढंच म्हणाली. "मग तिचा थेंब तिनं द्यायचा. कुणाच्या सहीची गरज न्हाई." आणि निघून गेली.

मंगळवारी सकाळी मेहनत संपून सगळे गेले तरी मुक्ता गेली नाही. हौद्यातच उभी राहिली.

"वस्ताद, माझं नाव का काढलं?"

"काढलं. जा घरी."

"राधाला मी तीन मिनिटांत चीत करते. रोज करते. तुम्ही बघता."

दौलतला काही तरी बोलायला हवं होतं. खरं सांगायचं नव्हतं, म्हणून त्याने वस्तादांच्या तोंडी नेहमी असतं ते सांगितलं.

"तुझा दम कमी पडतोय."

त्याच्या हे लक्षात यायला हवं होतं. ज्या पोरीला सहा वर्षं शिकवलं, तिला दम नाही म्हटल्यावर ती काय करील, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

मुक्ताचा चेहरा लाल झाला. "दम? मोजा मग." तिने हात मातीला टेकले आणि सपाटे मारायला सुरुवात केली. शरीर खाली, छाती मातीजवळून पुढे, वर. पुन्हा खाली. वीस. चाळीस. "मोजताय ना वस्ताद? का डोळ्यांनी पण दिसंना झालंय?"

"बास."

"सत्तर! अजून दम आहे वस्ताद!"

तिच्या मानेवरची शीर दौलतला दिसत होती. उडत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता, फक्त त्या शिरेकडे बघत होता. प्रत्येक वेळी ती खाली गेली की त्याचा श्वास थांबायचा, ती वर आली की सुटायचा. शंभर झाले. एकशे दहा. माती घामाने काळी झाली होती. ती हसत होती. एकशे तिसाव्या सपाट्याला ती खाली गेली आणि क्षणभर तिथेच थांबली.

ती फक्त श्वास घ्यायला थांबली होती. पण दौलत हौद्यात उतरला होता, तिला दोन्ही खांद्यांना धरून त्याने वर ओढलं होतं, आणि त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडत होतं. रणजित. कान. सुई. बर्फाचा डबा. पाय. अर्धी शक्यता. ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने.

मुक्ता मातीत बसून ऐकत राहिली. त्याचं बोलणं संपल्यावर तिने आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग त्याच्या.

"पप्पांना माहीत आहे?"

"हाय."

"आईला?"

"हाय."

"आणि तुम्हाला कधीपासून?"

"नऊ दिवस."

"नऊ दिवस," मुक्ता म्हणाली. "म्हणून तुम्ही मला दम नाही म्हणालात." ती उठली, हातपाय न धुता तशीच मोटरसायकलवर बसली. उपकेंद्राच्या रस्त्याने गेली.

*

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. उंबऱ्याच्या आत आली, पण हौद्यात पाऊल टाकलं नाही. कडेला उभी राहिली.

"दोन ओळी आल्या. वर दुखण्याची, खाली नात्याची. काकूनं खालचीच आधी वाचली. मोठ्यानं. बाहेर बायका बसल्या होत्या लसीला."

"आणि वरची?"

"तुम्हाला माहीत आहे वरची."

दौलत काठावर बसला. 

"डॉक्टर मॅडमना फोन केला मी," मुक्ता म्हणाली. "इथं, गळ्याच्या हाडाखाली डबी बसवतील. तुम्हाला आहे तशी. ठोका चुकला की ती झटका देते. मग पळता येईल, पोहता येईल, पोरं बाळं सगळं. गर्भाचा धागा तपासून घ्यायचा आणि चांगला असेल तोच ठेवायचा, म्हणाल्या. माती सोडून सगळं होईल. डबीवर एक दणका बसला की संपलं."

"जीव ऱ्हाईल."

"राहील." ती हौद्याकडे बघत होती. "गंमत आहे वस्ताद. हा पट, ही पकड, सगळे म्हणायचे, हिला देवानं दिलंय. ते तुम्ही दिलं. आणि हे पण तुम्हीच दिलं. एकाच सुईतून."

दौलतने काठावरची माती हाताने सारखी केली.

"एक विचारू? तुम्ही शिकवलंत, फडात हरलो तरी चालेल, खोटं बोलायचं नाही. तुम्ही कधी बोलला नाहीत. म्हणून विचारते." तिने त्याच्याकडे मान वळवली. "तुम्ही अठरा वर्षांचे होतात, तेव्हा हे कुणी तुम्हाला सांगितलं असतं, तर थांबला असतात?"

दौलतला अठरावं वर्ष लख्ख आठवत होतं. तेव्हा त्याला फक्त भूक आणि माती ठाऊक होती. चोविसाव्या वर्षी पहिली गदा. तो दिवस, ते वीस हजार लोक, वस्तादांनी पाठीवर मारलेली ती एक थाप. त्या थापेसाठी त्याने उरलेलं सगळं आयुष्य आनंदाने दिलं असतं. अठराव्या वर्षी कुणी डॉक्टर असलं काही सांगायला आला असता, तर दौलतने त्याला उचलून तालमीबाहेर टाकला असता. एवढंच कशाला, चौतिसाव्या वर्षी, छातीत डबी बसवल्यावरसुद्धा, त्याने महिनाभर बाईंच्या वडलांचे पाय धरले होते. एकच कुस्ती, डॉक्टरसाहेब. शेवटची एकच.

"थांबलो असतो," तो म्हणाला.

मुक्ता त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. समोरच्याचा पुढचा डाव त्याच्या डोळ्यांत आधी दिसतो, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याने नजर हलू दिली नाही. पापणी लवू दिली नाही.

"खरंच?"

"त्याच दिवशी लंगोट सोडला असता."

तिने मान डोलावली. खाली वाकून हौद्यातली चिमूटभर माती उचलली, हाताचा अंगठा कपाळापर्यंत नेला आणि तिथेच थांबली. मग हात झटकला आणि बाहेर गेली.

जत्रेत राधा घोलप चार मिनिटांत हरली.

*

खटला उभा राहिला तो दौलतवर. केंद्राचे मालक परदेशातून आले नाहीत. शिवाने सांगितलं, मला काही माहीत नव्हतं, आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. खोटी सही कुणी केली ते सापडलं नाही. जन्माचं गुपित उघड केल्याचा गुन्हा मात्र स्पष्ट होता, आणि सागरने तक्रार दिली होती. निकाल लागेपर्यंत दौलतने कुठल्याही तालमीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला. मधल्या काळात त्रेसष्टांतली आणखी एक मुलगी शाळेच्या शर्यतीत पडली आणि उठली नाही. तिच्या घरी गेलेलं पत्र न फोडता परत आलं होतं.

साक्षीच्या दिवशी मुक्ता पिंजऱ्यात उभी राहिली. वर्ष होत आलं होतं. दंड उतरले होते, चेहरा लांबट दिसत होता. ड्रेसच्या गळ्याशी डबीचा उंचवटा दिसत होता.

"तुम्हाला ही माहिती कुणी दिली?" वकिलाने विचारलं.

"वस्तादांनी," ती म्हणाली. ती खोटं बोलणार नाही, हे दौलतला ठाऊक होतं.

बाहेर व्हरांड्यात सागर त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. केस पांढरे झाले होते.

"दोष तुमचा, बदनामी माझी," तो म्हणाला. "भावकीत कोण बसवून घेत न्हाई. पोरगी जेवताना समोर बसती, पण बोलत न्हाई. ना माझ्याशी, ना आईशी. वाचवलीत तुम्ही तिला. घ्या आता, कुठं ठेवायची ते सांगा."

 सागर गाडीकडे गेला.

मुक्ता मागून आली. थोडं अंतर ठेवून थांबली.

"राधा आता राज्याच्या चाचणीला गेलीय," ती म्हणाली. "काल तिची कुस्ती बघितली मोबाइलवर. पट अजून तसाच चुकवते."

"तिला मी सांगितलं होतं. डावा गुडघा उशिरा टेकती."

"हो. उशिरा टेकते." तिने गळ्याशी ड्रेस नीट केला. "आमच्या गावाबाहेर एक जुनी तालीम आहे. कुणी येत नाही तिथं. किल्ली शेजारच्या घरात असते. मी दोनदा गेले होते, वस्ताद. दुसऱ्यांदा आत पण गेले. फक्त एकच कुस्ती, कुणाशी तरी, एकदाच, असं मनात येतं. रोज येतं. मग तुमचं बोलणं आठवतं आणि परत येते."

 दौलतने हात पाठीमागे धरले.

"म्हणून परत विचारते. आत वकील होते, इथं कुणी नाही. त्या दिवशी तुम्ही खरं बोललात ना?"

"व्हय."

ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

"बरं," ती म्हणाली, आणि बापाच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

शिपायाने दौलतला पुढची तारीख सांगितली. मार्चमधली होती. मुक्ताची साक्ष अजून संपलेली नव्हती, तिला पुन्हा यायचं होतं. म्हणजे ती पुन्हा विचारणार होती. दौलतने तारखेचा कागद खिशात ठेवला आणि जिना उतरताना हळू आवाजात तो एक शब्द, 'व्हय', पुन्हा म्हणून पाहिला. आवाज कापत नाही ना, ते बघायला.